शेताखालची पोकळी कोणाची?

२१ डिसेंबर १९९३ रोजी व्हालांसिएनहून पॅरिसकडे निघालेली अतिवेगवान आगगाडी उत्तर फ्रान्समधील पिकार्दी प्रांतात ताशी सुमारे ३०० किलोमीटरच्या वेगात असताना रुळांवरून घसरली. डबे एकमेकांना जखडण्याच्या विशिष्ट रचनेमुळे ते कलंडले नाहीत, आणि सुमारे २०० प्रवाशांपैकी एकालाच किरकोळ दुखापत झाली. कारण शोधता आढळले ते असे : पावसाने रुळांखालची जमीन खचली होती आणि त्या जागी पहिल्या महायुद्धातील पोकळी होती. तो लोहमार्ग त्याच वर्षी वाहतुकीस खुला झाला होता. बांधकामाच्या वेळी ही पोकळी कोणाच्याच ध्यानी आली नव्हती.

ही पोकळी अपवादात्मक नव्हे. १९१४ च्या अखेरीस पश्चिम आघाडी खंदकांत रुतली, तेव्हा युद्ध जमिनीखाली उतरले. २० डिसेंबर १९१४ रोजी जिव्हांशी येथे जर्मनांनी भारतीय पलटणींच्या खंदकांखाली सुरुंग उडविले. त्यानंतर ब्रिटिशांनी १९१५ च्या आरंभी गटारे खोदणारे मजूर आणि कोळसा-खाणकामगार भरती करून भुयारे खणणाऱ्या खास तुकड्या उभारल्या. ७ जून १९१७ च्या पहाटे बेल्जियममधील मेसीन येथे त्यांचे १९ सुरुंग एकापाठोपाठ उडाले. न उडविलेल्यांपैकी एक १९५५ साली विजेच्या वादळात आपोआप उडाला व त्यात एक गाय दगावली. या घटनेचे वर्णन बहुधा गमतीने केले जाते. ज्याच्या शेताजवळ हे घडले, त्याला ती गंमत वाटली असेल असे नाही.

युद्धानंतर खंदक बुजविले गेले, कारण ते डोळ्यांना दिसत होते. त्या कामात चिनी मजुरांनीही अपार कष्ट उपसले. भुयारांची मात्र बहुधा तोंडेच बंद झाली. वास्तविक खरा धोका तेथूनच सुरू होतो. पिकार्दी आणि आर्त्वा भागांत जमिनीखाली खडूचा खडक आहे. तो खोदण्यास सोपा आणि टेकूवाचूनही वर्षानुवर्षे तग धरणारा; परंतु पाणी मुरले की त्याचे बळ सरते. छताचे ढलपे गळू लागतात, पोकळी हळूहळू वर सरकते आणि शेवटी नांगराखाली मातीचा पातळ थर तेवढा उरतो. मग एखादा मुसळधार पाऊस किंवा ट्रॅक्टरचे ओझे पुरते. फ्लँडर्सच्या चिकणमातीत प्रकार निराळा. तेथे भुयारे लाकडी चौकटींवर उभी होती आणि पाणी सतत उपसावे लागे. सैन्य गेले, पंप थांबले, भुयारे पाण्याने भरली. पाण्यात बुडालेले लाकूड कुजत नाही. पण पाण्याची पातळी खाली जाऊन हवा शिरली की ते सडू लागते. म्हणजे काळ लोटला तसा धोका कमी झाला, अशी समजूत करून घेण्यास येथे आधार नाही.

मग जबाबदारी कोणाची? फ्रान्सच्या दिवाणी संहितेचे ५५२ वे कलम सांगते, की जमिनीची मालकी म्हणजे तिच्या वरचे व खालचे यांचीही मालकी. भुयार ब्रिटिशांनी खणलेले असो वा जर्मनांनी, सातबारा, म्हणजे तिकडचा जो काही उतारा असेल तो, शेतकऱ्याच्या नावावर! २००३ च्या कायद्याने पोकळी ठाऊक असणाऱ्याने ती महापौरास कळविलीच पाहिजे, असे बंधन घातले आहे. ते योग्यच आहे. तथापि जे कोणालाच ठाऊक नाही, ते कळवावे कोणी?

आत उतरून पाहणे जिवावर बेतणारे असते. १९९८ साली व्हिमीजवळ स्फोटकतज्ज्ञ लेफ्टनंट कर्नल माइक वॉटकिन्स भुयाराच्या तोंडाशीच माती कोसळून मरण पावले. म्हणून भिस्त नकाशांवर. ब्रिटिश तुकड्यांचे अनेक नकाशे लंडनच्या अभिलेखागारात सुरक्षित आहेत. प्रशियन सैन्याचे दफ्तर मात्र १९४५ च्या एप्रिलमध्ये पॉट्सडॅमवरील बॉम्बहल्ल्यात जळाले. एका युद्धाच्या खुणा दुसऱ्या युद्धाने पुसल्या. जे उरले आहे, ते गावोगावच्या जमीन-नकाशांशी जुळवून पाहण्याचा आणि पोकळ्या भरण्याचा खर्च, ज्यांच्या सैन्यांनी खोदकाम केले त्या राष्ट्रांनी वाटून घ्यावा, ही मागणी गैरवाजवी म्हणता येणार नाही.