लाखोळीच्या मुळांतला लाल रंग

भंडारा जिल्ह्यातल्या सिहोरा भागात धान कापणीला आले, की बांधीतला ओलावा पाहून उभ्या पिकातच लाखोळीचे बी फेकतात. धान निघते आणि धसकटांमधून लाखोळी वर येते. नांगरट नाही, खतही बहुधा नाही. मग या पिकाला नत्र मिळते कोठून? ‘मुळांच्या गाठींतल्या रायझोबियम जीवाणूंकडून’ हे उत्तर मुलांना पाठ असते. ते बरोबरच आहे; पण त्यात एक अडचण दडलेली आहे.

आधी गाठ पाहू. लाखोळी फुलावर येण्याच्या सुमारास एक रोप मातीच्या ढेकळासकट खणून काढावे. उपटले तर गाठी मातीतच राहतात, आणि मग ‘आमच्या रोपाला गाठीच नाहीत’ अशी तक्रार येते! मुळे पाण्यात हलकेच धुऊन एक लांबट गाठ ब्लेडने उभी कापली, की भिंगातून आत गुलाबी-लाल रंग दिसतो. टोक पांढरट असते, कारण तिथे गाठ अजून वाढत असते. जुन्या गाठीत मुळाकडची बाजू हिरवट दिसते; तिथले काम संपलेले असते.

हे लाल द्रव्य हिमोग्लोबिनसारखे असल्याचे 1939 साली जपानमध्ये कुबो यांनी सोयाबीनच्या गाठींत दाखवले. पुढे त्याला लेगहिमोग्लोबिन हे नाव मिळाले. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन, स्नायूंतले मायोग्लोबिन आणि हे, तिन्ही एकाच प्रथिनकुळातली. अमिनो आम्लांच्या क्रमात पुष्कळ फरक. पण साखळीची घडी जवळपास तीच, आणि तिच्या खोबणीत लोह असलेला हीम रेणू.

रक्त नसलेल्या झाडाला हे कशाला? अडचण इथेच आहे. हवेतल्या नत्राचा अमोनिया करणारे नायट्रोजिनेज हे एन्झाइम ऑक्सिजनने निकामी होते. परंतु त्या कामाला ऊर्जा खूप लागते आणि ती मिळवायला जीवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरते. त्यामुळे मोकळा ऑक्सिजन नाममात्र उरतो, आणि तरीही जीवाणूंना तो हातोहात पोचत राहतो.

ही नुसती कल्पना नाही. 2005 साली लोटस नावाच्या (कमळ नव्हे!) शेंगवर्गीय रोपात हे प्रथिन बनणे प्रयोगाने रोखले गेले. गाठी आल्या, पण मोकळा ऑक्सिजन वाढला, नायट्रोजिनेज नाहीसे झाले आणि रोपे नत्रावाचून खुरटली. त्याच रोपांना नत्रखत दिले तर ती नीट वाढली. म्हणून गाठी मोजून भागत नाही, कापून पाहाव्या लागतात. युरिया पडलेल्या आणि न पडलेल्या जागेवरची रोपे शेजारी ठेवून मुलांना लाल गाठी मोजू द्याव्यात; मातीत नत्र भरपूर असले की झाड गाठींचा खटाटोप कमी करते.

आता त्याच बांधीतल्या धानाकडे वळू. धानाला अशा गाठी येत नाहीत. तरी या कुळातली जनुके धानात सापडल्याचे 1997 साली प्रसिद्ध झाले. धानातले हे प्रथिन ऑक्सिजनला इतके घट्ट पकडते, की तो सोडायलाच तयार नसते. असा हमाल वाहतुकीच्या काय कामाचा? त्याचे काम वेगळे असावे. ऑक्सिजन कमी पडला की मुळांच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड साचते. या कुळातली प्रथिने त्याचे नायट्रेट करतात, आणि बुडालेल्या मुळांना तग धरायला त्याची मदत होत असावी. ‘असावी’ हा शब्द आम्ही जाणून वापरतो. नव्या जनुकाचा क्रम जुळवून संगणक कुळ चटकन सांगतो. काम मात्र लोटससारख्या प्रयोगानेच कळते, आणि तेही एकेका वनस्पतीत, एकेका अवयवात वेगळे निघू शकते. गाठी नसलेल्या वनस्पतींतली ही प्रथिने अधिक जुनी. त्यांच्यातल्याच एका शाखेला शेंगवर्गात ऑक्सिजन वाहण्याचे काम मागाहून मिळाले.