मैल्याला ठिकाण हवे

मानोऱ्यासारख्या नगरपंचायतीच्या गावात शौचकूपाची टाकी उपसली की मैला जातो कुठे, हा खरा प्रश्न आहे. टँकर जर नाल्यात रिकामा झाला, तर ते पाणी अरुणावती नदीच्या खोऱ्यातच उतरणार. १९७४च्या जल कायद्याच्या कलम २४ने ओढे-विहिरींत घाण सोडण्यास मनाई केली. तेव्हा मैला प्रक्रिया केंद्रावरच न्यायला हवा; पण कलम २५नुसार अशा केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. म्हणजे विहिरींपासूनचे अंतर, भूजलाची पातळी, बाहेर पडणाऱ्या पाण्याची प्रत हे सारे आधी तपासायला हवे. (नुसता शिक्का मिळवणे म्हणजे संमती नव्हे.)

छोट्या गावाला असे केंद्र परवडेल का? वाई आणि सिन्नर ही काही महानगरे नव्हेत. तिथे टाक्या ठरावीक वर्षांनी उपसून मैला प्रक्रिया केंद्रावर नेण्याची पद्धत बसवली. मानोऱ्याला स्वतंत्र केंद्र जड जात असेल, तर शेजारच्या गावांशी सामायिक केंद्र करता येईल.