टर्मिनलवर अगम्य अक्षरं आली तर?

जुन्नर तालुक्यात खोडदजवळ असलेली जीएमआरटी दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिची कच्ची निरीक्षणं ‘एलटीए’ फायलींत साठतात. या फायलींत वाचण्याजोगा मजकूर जवळपास नसतो, नुसते बाइट असतात. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर शिरलेला एखादा नवखा विद्यार्थी अशी फाइल ‘कॅट’ने उघडतो आणि पडदा बिघडतो. फायलीतला एखादा नियंत्रण-बाइट टर्मिनलला दुसऱ्याच अक्षरसंचात ढकलतो. मग आपण टाइप केलेली आज्ञाही रेघोट्यांत उमटते.

घाबरून खिडकी बंद करू नका. दिसत नसलं तरी ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबा. एंटरला दाद मिळाली नाही, तर कंट्रोल-जे. आणि पुढच्या वेळी ‘फाइल’ ही आज्ञा आधी चालवून फायलीचा प्रकार पाहा.

फायलींच्या मराठी नावांची गोष्ट वेगळी. यूटीएफ-८ मध्ये ‘म’ तीन बाइटांचा असतो. टर्मिनल जुन्या पाश्चात्त्य संचावर असेल तर त्याचे तीन तुकडे दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन अक्षर, ¤ आणि ®. ‘पुटी’ हा टर्मिनल-प्रोग्राम वापरत असाल तर त्यात ‘विंडो’खालच्या ‘ट्रान्सलेशन’मध्ये जाऊन यूटीएफ-८ निवडा. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर दोष बहुधा सर्व्हरकडे. तिथे ‘लोकॅल’ आज्ञेच्या उत्तरात ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ आलं, तर यूटीएफ-८ची भाषा-मांडणी लावा.

एवढं करूनही जोडाक्षरं फुटतील, वेलांट्या सरकतील. टर्मिनलचे चौकोन सारख्या रुंदीचे असतात. देवनागरी तशी नाही, त्यामुळे फायलींची नावं तरी रोमनमध्ये ठेवणं शहाणपणाचं.