तीन तारांच्या गप्पा

लोणावळ्याहून कर्जतकडे जाताना खिडकीतून रूळ मोजलेत कधी? बोरघाटात तीन मार्ग आहेत. एक मुंबईकडचा, एक पुण्याकडचा आणि एक मधला. आज आपण जी केबल जोडणार आहोत, तिच्यातही तीनच तारा आहेत.

मावळातल्या एका ओळखीच्या घरी माळ्यावरून जुना संगणक खाली उतरवला. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा घरघरला. पण पडदा कुठाय? अहो, या जातीच्या यंत्राला पडदा नसायचाच! मागे २५ पिनांचं एक तोंड असतं, त्याला म्हणतात सिरियल पोर्ट. तिथे दुसरा संगणक जोडायचा आणि त्याच्या पडद्यावर याचं बोलणं वाचायचं. यालाच कन्सोल म्हणतात.

सिरियल म्हणजे एकामागून एक. इंग्रजी 'ए' या अक्षराचा क्रमांक ६५. त्याचे शून्य-एकचे आठ बिट मालगाडीच्या डब्यांसारखे ओळीने निघतात. पुढे सुरुवातीचा एक बिट, शेवटी थांबण्याचा एक. घाटात नाही का, पुढे इंजीन आणि मागून ढकलणारं बँकर! झाले दहा. वेग सेकंदाला ९६०० बिट ठेवला, तर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली तयार केलेल्या 'परम ८०००' या महासंगणकातले ट्रान्सप्युटरसुद्धा एकमेकांशी असेच, बिटामागून बिट पाठवून बोलत.

आता तारा. एक बोलायची, एक ऐकायची. तिसरी ग्राउंडची. तिच्यावरून निरोप जात नाही, पण व्होल्ट कुठपासून मोजायचे ते तीच ठरवते. लोणावळ्याची उंची आपण समुद्रसपाटीपासून मोजतो ना, तशी ही केबलची समुद्रसपाटी!

खरी गंमत पुढेच आहे. याचं तोंड त्याच्या कानाला लागलं पाहिजे. संगणकाच्या ९ पिनी पोर्टवर २ नंबर ऐकतो, ३ नंबर बोलतो, ५ म्हणजे ग्राउंड. म्हणून दोन्हीकडे ९ पिना असतील तर २ ला ३, ३ ला २ आणि ५ ला ५. एवढं मला पाठ होतं. मी ऐटीत तारा उलटसुलट जोडल्या, ग्राउंडची तार पलीकडे ७ ला लावली, आणि पडदा कोराच!

कारण २५ पिनी पोर्टवर २ नंबर बोलतो आणि ३ नंबर ऐकतो. क्रम मुळातच उलटा! तिथे २ ला २, ३ ला ३, अशी सरळ जोडणी हवी होती. (काही यंत्रं अपवाद असतात, म्हणून माहितीपुस्तक मिळालं तर आधी ते पाहा.)

एक मात्र लक्षात ठेवा. या जुन्या पोर्टवर अधिक-उणे ३ ते १५ व्होल्ट खेळतात. आजकालच्या ३.३ व्होल्टच्या छोट्या बोर्डाला ही तार थेट लावली तर चिप जळते. मध्ये कन्व्हर्टर हवाच. आणि डाग द्यायचं काम दोन्ही यंत्रं बंद करून, घरातलं मोठं माणूस शेजारी बसवून करायचं बरं का!

तारा बदलल्या. पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं उमटली. वेग जुळत नव्हता! तो ९६०० केला, एंटर दाबलं, आणि शब्द आला 'लॉगिन'.

पासवर्ड मात्र घरात कुणालाच आठवेना.