नव्या पर्वाचा कारखाना: डहाणू-तलासरीच्या वेशीवरचं उंबरगाव

डहाणू रोडहून गाडी उत्तरेकडे निघाली की घोलवड, बोर्डी रोड आणि लगेच उंबरगाव रोड. समुद्र तोच, सुरूची बनं तीच, चिकूच्या वाड्याही त्याच. फक्त राज्य बदलतं, आणि तेही फार जुनं नाही. मुंबई राज्य असताना उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. १ मे १९६० ला त्यातली बरीच गावं गुजरातेत गेली, उरलेली तलासरीच्या बाजूला राहिली. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद जिथे भरली, ते आज तलासरीत असलेलं झरी गाव तेव्हा याच तालुक्यात मोडत होतं. आज तलासरी आणि डहाणू पालघर जिल्ह्यात आहेत, उंबरगाव वलसाड जिल्ह्यात; पण बाजार, सोयरीक आणि बोली यांच्या वाटा अजून एकमेकांत मिसळलेल्या आहेत.

देशातल्या घराघरांत पाहिली गेलेली दूरचित्रवाणीवरची सगळ्यात मोठी अद्भुत कथा या किनाऱ्यावर चित्रित झाली. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेची अयोध्या, लंका, दंडकारण्य हे सगळं उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत उभं राहिलं. कलादिग्दर्शक हिराभाई पटेल यांचा हा स्टुडिओ. सुमारे ५५० दिवस इथे चित्रीकरण चाललं. नटमंडळी आणि तंत्रज्ञ मुंबईहून येत आणि मुक्काम टाकून राहत.

विज्ञानकथेच्या मालिकांबद्दल बोलायचं तर सुरुवात उंबरगावापासूनच करावी लागते. आकाशातून जाणारं विमान, हवेत एकमेकांवर आदळणारी अस्त्रं, क्षणात रूप पालटणारा राक्षस, एकाच चौकटीत पर्वताएवढा आणि माशीएवढा दिसणारा हनुमान. हे पडद्यावर आणायला जे कसब लागतं तेच अंतराळयान आणि यंत्रमानव दाखवायलाही लागतं. कथेचं मूळ पुराणात असो की भौतिकशास्त्रात, कॅमेऱ्यापुढचा प्रश्न एकच असतो: जे अस्तित्वात नाही ते खरं कसं वाटायला लावायचं?

हा प्रश्न महाराष्ट्राने फार लवकर हाती घेतला. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढण्याआधी मटाराच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली आणि ते चित्रण दाखवून भांडवल उभं केलं. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये त्यांनी कॅमेऱ्यातल्या करामतींचाच आधार घेतला. त्यानंतरच्या पिढीत सुरतेचे बाबूभाई मिस्त्री आले. ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) मध्ये त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणूस दाखवला. त्या चित्रपटामागची प्रेरणा ‘द इनव्हिजिबल मॅन’ या हॉलिवुडच्या विज्ञानपटाची होती. पुढे पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारदृश्यांचे बादशहा ठरले तेही हेच बाबूभाई. आपल्याकडे पुराण आणि विज्ञानकथा एकाच कारागिराच्या हातून घडत आल्या आहेत.

सागर कुटुंबाने मालिकेची तालीम आधीच करून ठेवली होती. १९८५ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘विक्रम और बेताल’ मध्ये अरुण गोविल, दीपिका चिखलिया, सुनील लाहिरी, दारा सिंग हेच चेहरे होते. ती मालिका प्रेम सागर यांनी केली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेला हा मुलगा वडिलांच्या ‘रामायणा’तल्या चमत्कारदृश्यांमागे उभा राहिला. त्या काळी संगणकावर दृश्यं रचण्याची सोय भारतीय मालिकेच्या आवाक्यात नव्हती. प्रेम सागर यांनी मुलाखतींत सांगितलेल्या क्लृप्त्या साध्या आहेत. धुक्यासाठी उदबत्त्यांचा आणि धुपाचा धूर, ढगांसाठी कापूस, पार्श्वभूमीला पारदर्शिका दाखवणारा प्रोजेक्टर आणि काचेवर रंगवलेली चित्रं.

यातलं काचेचं तंत्र जरा समजून घ्यायला हवं. समजा, सात मजली राजवाडा दाखवायचा आहे आणि प्रत्यक्षात बांधलाय फक्त खालचा मजला. कॅमेऱ्यासमोर थोड्या अंतरावर मोठी काच उभी करतात. तिच्या वरच्या भागावर उरलेले मजले, शिखरं आणि आकाश रंगवतात. खालचा भाग कोराच ठेवतात, त्यातून खरा सेट आणि नट दिसतात. रंगवलेली रेघ आणि बांधलेली भिंत कॅमेऱ्याच्या डोळ्याला एकाच जागी जुळली की पाहणाऱ्याला अख्खा राजवाडा दिसतो. कॅमेरा मात्र तसूभरही हलता कामा नये, आणि रंगातल्या सावल्या सेटवरच्या दिव्यांच्या दिशेशी जुळल्याच पाहिजेत. म्हणजे चित्रकार, प्रकाशयोजनाकार आणि कॅमेरामन या तिघांचं गणित एका वेळी सुटावं लागतं. ‘रामायणा’चं छायाचित्रण अजित नाईक यांचं होतं. आज ती दृश्यं ढोबळ वाटतात, हे खरं. पण १९८७ साली चौदा आणि वीस इंची पडद्यांसमोर दाटीवाटीने बसलेल्या माणसांना त्यांनी खिळवून ठेवलं, हेही तितकंच खरं.

या कारखान्यात मराठी माणसं किती होती, हे आठवलं की अभिमान वाटतो. कौसल्या म्हणजे जयश्री गडकर, दशरथ म्हणजे त्यांचे पती बाळ धुरी. भरत संजय जोग, वसिष्ठ सुधीर दळवी आणि मंथरा ललिता पवार. संहितेसाठी आधार घेतलेल्या ग्रंथांच्या यादीत वाल्मीकी, तुलसीदास आणि कंबन यांच्याबरोबर एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ही होतं. गर्दी मात्र आसपासच्या गावांनी पुरवली. युद्धाच्या दृश्यांना माणसं हवी असली की गावोगाव ढोल वाजवून बोलावणं केलं जाई, असं प्रेम सागर यांनी सांगितलं आहे. वानरसेना आणि राक्षससेना या किनारपट्टीतल्या गावकऱ्यांतून उभी राहिली.

पुढचं पर्व ठरवून आलं नाही, लोकांनी मागून घेतलं. २५ जानेवारी १९८७ ला मालिका सुरू झाली तेव्हा ५२ भागांची योजना होती. रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडू लागले आणि मुदत वाढवत वाढवत भाग ७८ वर गेले. ३१ जुलै १९८८ ला राज्याभिषेकावर कथा थांबली. पण रामकथा तिथे संपत नाही. उत्तरकांडात सीतेचा त्याग आहे, वाल्मीकींचा आश्रम आहे, लव-कुश आहेत. वाल्मीकींना आपले गुरू मानणाऱ्या समाजाला ही कथा पडद्यावर हवी होती. जालंधरच्या सफाई कामगारांनी त्यासाठी संप केला, तो इतर शहरांतही पसरला आणि सरकारला लक्ष घालावं लागलं. ऑक्टोबर १९८८ पासून ‘लव कुश’ या नावाने उत्तर रामायण प्रक्षेपित होऊ लागलं. त्याचे ३९ भाग झाले.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याआधी असंच घडलं होतं. अमेरिकेतली ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथा मालिका १९६६ साली सुरू झाली. दुसऱ्या पर्वानंतर ती बंद होणार अशी चिन्हं दिसताच प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरं पर्व मिळवलं. तिचे एकूण भाग ७९, आपल्या ‘रामायणा’हून फक्त एक जास्त. तिथे पत्रं होती, इथे संप होता. दोन्हीकडे प्रेक्षकांना ते कल्पित जग आपलं वाटत होतं, आणि ते अर्ध्यावर सोडायला त्यांनी नकार दिला.

नवं पर्व करणं हे पहिल्यापेक्षा अवघड काम असतं, हे ‘लव कुश’ मध्ये दिसतं. राम, सीता, लक्ष्मण तेच, मुकुट आणि सिंहासनं तीच, पण कथेचा सूर पार वेगळा. पहिल्या पर्वाचा जोर प्रवास आणि युद्धावर होता. इथे आश्रम, वियोग आणि दोन मुलं. अस्त्रांची आतषबाजी मागे पडली आणि सगळा भार अभिनयावर आणि रवींद्र जैन यांच्या संगीतावर आला. प्रेक्षकांनी ज्या रामाला दीड वर्ष डोक्यावर घेतलं, त्याच्याच निर्णयाबद्दल त्यांच्या मनात प्रश्न उभे करायचे होते. ते पेलण्यासाठी दोन मुलं निवडली गेली आणि दोन्ही मराठी: कुश झाला स्वप्नील जोशी, लव झाला मयूरेश क्षेत्रमाडे. वाल्मीकी झाले विजय कविश. भर दरबारात रामापुढे रामकथा गाणारी ती दोन मुलं पाहताना मराठी घरांना हा प्रसंग नवा नव्हता. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गदिमा-बाबूजींच्या ‘गीतरामायणा’ची सुरुवातही कुश-लवांच्या गायनानेच होते. दर आठवड्याला एक गीत, अशी ५६ गीतं. आठवड्याआठवड्याने कथा ऐकायची सवय आपल्याला रेडिओनेच लावली होती.

चांगलं काम काळालाही पुरून उरतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं. त्यानंतर लगेच ‘उत्तर रामायण’ही दाखवावं लागलं. बत्तीस वर्षांपूर्वीची मागणी नव्या पिढीनेही केली.

उंबरगावही थांबलं नाही. सिद्धार्थ कुमार तिवारी यांच्या स्वस्तिक प्रॉडक्शन्सने २०१३ चं ‘महाभारत’ इथल्याच सेटवर चित्रित केलं. पुढे ‘पोरस’ आणि ‘राधाकृष्ण’ आल्या. आता रंगवलेल्या काचेच्या जागी हिरवा किंवा निळा पडदा असतो आणि उरलेला राजवाडा संगणकावर चढवला जातो. गणित मात्र तेच आहे. पुढचा नट आणि मागचं चित्र यांचा प्रकाश जुळला नाही तर महागडी यंत्रणाही फसते. सेटवर सुतार, रंगारी, प्लास्टरचे साचे करणारे, मुकुट-दागिने घडवणारे, शिंपी, रंगभूषाकार, विजेची कामं करणारे लागतातच. पडद्यावर एक मिनिट दिसणाऱ्या दरबारामागे या हातांचे कितीतरी दिवस असतात.

मग विज्ञानकथेचं काय? हिंदीत प्रयत्न झाले. दूरदर्शनवर ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ येऊन गेल्या. १९९८ मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ आली, तिचा नायक आपला मिलिंद सोमण. मराठीत मात्र अशी एकही मालिका पिढ्यांच्या आठवणीत घर करून बसलेली नाही. हे खटकतं, कारण कथांची कमतरता मराठीला कधीच नव्हती. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. तिच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवून बक्षीस मिळवलं. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी हे दालन भरून टाकलं. लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ ही कथा अमेरिकेत निघालेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात गेली. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ मध्ये जमिनीखाली सापडलेली प्राचीन पेटी आहे आणि तिच्यातल्या माहितीवरून घडवलेला यंत्रमानव आहे. अशा कथेला दहा भागांचं पर्व सहज पेलेल, आणि तिला लागतात त्या जागा एका स्टुडिओत आणि आसपासच्या डोंगरात मिळतील.

पैसा नाही, ही सबब मला पटत नाही. बीबीसीने १९६३ साली ‘डॉक्टर हू’ तुटपुंज्या साधनांत सुरू केली. तिच्यातल्या गाजलेल्या डालेक यंत्रांच्या एका हाताला तुंबलेलं मोरीचं भोक मोकळं करायचा रबरी दट्ट्या लावलेला होता. मुलं तरीही घाबरली, कारण कथा पक्की होती आणि करणाऱ्यांचा तिच्यावर विश्वास होता. उंबरगावच्या कापसाच्या ढगांनीही हेच सिद्ध केलं.

आणि जागा? डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे इथे धूर ओकणाऱ्या उद्योगांवर बंधनं आहेत आणि ती असायलाच हवीत. चित्रीकरण, सेट-बांधणी, वेशभूषा, संगणकावरचं दृश्यकाम हे शिस्तीने केले तर या भूमीला सोसवणारे धंदे आहेत. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. बोर्डीचा किनारा आहे, बाहरोटचा डोंगर आहे. शेजारी चाळीस वर्षं अद्भुत जगं उभारणारं गाव आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, त्याच तालुक्यातली मुलं परग्रहाचं नेपथ्य का रंगवणार नाहीत? त्यांना शिकवायला हवं, आणि तेही त्यांच्याच तालुक्यात. डहाणू-तलासरीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सेट-बांधणी आणि दृश्यपरिणामांचे वर्ग सुरू व्हायला हवेत.

मराठी वाहिन्यांना आणि निर्मात्यांना माझं सांगणं एवढंच आहे. कथा छापून तयार आहेत, कारागीर वेशीपलीकडे आहेत, आणि आवडलेल्या कथेचं पुढचं पर्व मागून घेणारा प्रेक्षक आपल्या देशाने पाहिलेला आहे. नारळीकरांची, लोंढ्यांची, जावडेकरांची एक कथा निवडा आणि पहिलं पर्व काढा. पुढचं पर्व प्रेक्षक मागून घेतील.