मीटरवरचं रनिंग आणि खरं रनिंग

जुन्या गाडीच्या ऑनलाइन जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात: मॉडेलचं वर्ष, कितवा मालक आणि रनिंग. पहिल्या दोन एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून ताडून पाहता येतात. रनिंग तिथे दिसत नाही. ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या एमओटी तपासणीत मीटरचा आकडा नोंदला जातो आणि नंबर टाकून तो कुणालाही पाहता येतो. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरचा इतिहास दाखवणारा ‘कार-पास’ देणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. आपल्याकडे अशी खुली नोंद नसल्यामुळे तो इतिहास खरेदीदारालाच जुळवावा लागतो. चिकाटी असेल तर तो बऱ्यापैकी जुळतोही.

आधी मीटर चालतो कसा ते पाहू. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून आलेली केबल आकड्यांचे ड्रम फिरवायची. ते मागे करायला मीटर उघडावा लागे आणि नंतर आकडे अनेकदा एका ओळीत नीट बसत नसत. आता गिअरबॉक्सवरच्या किंवा चाकांजवळच्या सेन्सरकडून येणाऱ्या सिग्नलवरून अंतर मोजलं जातं आणि एकूण आकडा मीटरच्या सर्किटवरच्या छोट्या मेमरी चिपमध्ये साठतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला यंत्र जोडून, किंवा मीटर काढून थेट चिपवर, तो बदलता येतो. बाहेरून खूण उरत नाही. त्यामुळे जाहिरातीतला मीटरचा फोटो हा पुरावा नसून फक्त विक्रेत्याचं म्हणणं आहे.

सर्वांत वजनदार पुरावा सर्व्हिसच्या नोंदींचा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गेली की जॉबकार्डवर तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहिले जातात, आणि ते कंपनीच्या संगणकात राहतात. विक्रेत्याने दाखवलेल्या पुस्तिकेवर थांबू नका. पुस्तिका नवी मिळते, शिक्केही मिळतात. मालकाच्या संमतीने सर्व्हिस सेंटरमधूनच नोंदींचा उतारा मागवा. समजा, २०१८ ची गाडी आहे. नोंदी सांगतात: २०१९ मध्ये १६,०००, २०२० मध्ये ३१,०००, २०२१ मध्ये ५२,०००. त्यानंतर अधिकृत सर्व्हिस बंद, आणि आज जाहिरातीत ४६,०००. इथे वाद संपला. पण आजचा आकडा ५८,००० असता, तर? एकही नोंद खोटी ठरत नाही, तरी वर्षाला पंधरा-वीस हजार पळणारी गाडी अचानक थांबली का, हे विचारावंच लागतं. मालक घरून काम करू लागला असेल, किंवा घरात दुसरी गाडी आली असेल. उत्तर सरळ असेल तर ते विम्याच्या कागदांशी, बाहेरच्या गॅरेजच्या बिलांशी जुळतं. विमा मध्येच खंडित होऊन पुन्हा घेतला असेल, तर त्या वेळच्या तपासणीत बहुधा मीटरचा फोटो काढलेला असतो. तोही मागा.

फास्टॅगचा तपशील हा दुसरा चांगला धागा. मालकाच्या अ‍ॅपमध्ये टोलनाक्याचं नाव आणि तारीख दिसते. पुणे–मुंबई द्रुतगती मार्ग साधारण ९५ किलोमीटरचा आहे. आठवड्यातून एकदा जाऊन-येऊन केलं, तर नुसत्या त्या रस्त्यावर वर्षाला दहा हजारांच्या आसपास किलोमीटर होतात. शहरातलं फिरणं, गावाला जाणं वेगळंच. अशा गाडीचं सात वर्षांचं रनिंग ४०,००० सांगितलं जात असेल, तर हिशेब बसत नाही. काही मालक हा तपशील खासगी म्हणून देणार नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी तिचे फोटो आणि नंबर इतर विक्री-संकेतस्थळांवर शोधा. तीच गाडी वर्षभरापूर्वी वेगळ्या रनिंगने टाकलेली सापडते. आरसीही नीट वाचा. गाडी आधी टी परमिटवर, म्हणजे प्रवासी वाहतुकीसाठी, नोंदलेली होती आणि नंतर खासगी झाली असेल, तर ‘फॅमिली कार, कमी रनिंग’ या शब्दांवर विसंबू नका.

प्रत्यक्ष गाडीजवळ गेल्यावर टायर पाहा. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनंतर येणारे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. टायर साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर टिकतात. २०१८ च्या गाडीला चारही टायर २०२१ चे असतील, तर तीन वर्षांत पहिला संच का बदलला? ते वयाने तर म्हातारे झाले नव्हते. आणि हा दुसरा संचही आज झिजलेला असेल, तर ३५,००० चा दावा उभा राहत नाही. स्टेपनीचं वर्षही बघा.

क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरच्या मुठीवरचे आकडे, स्टिअरिंगचा वरचा भाग, ड्रायव्हरच्या सीटची दरवाजाकडची कड हे सगळं वापराने झिजतं. मात्र ही खूण दुय्यम माना, कारण सीटकव्हर आणि पेडलचे रबर स्वस्तात बदलतात. तीस हजार चाललेल्या गाडीला कोरे पेडल-रबर कशाला लागले, हा प्रश्न त्यामुळेच मोलाचा.

आता मीटरच्या पलीकडची नोंद. ब्लूटूथचा साधा ओबीडी अडॅप्टर आणि फोनमधलं अ‍ॅप घेतलं, तर अनेक गाड्यांत इंजिनच्या संगणकातून ‘बिघाडाचे कोड पुसल्यानंतर धावलेलं अंतर’ वाचता येतं. हा आकडा ६५,५३५ पर्यंतच मोजतो. मीटर ४२,००० सांगतोय आणि इथे ६१,००० दिसतंय, तर मीटर मागे केलाय. उलट इथे अवघे शंभर किलोमीटर दिसले, तर नुकतंच कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. कारण विचारा. चांगल्या मेकॅनिकचं मोठं स्कॅनर एबीएस किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या संगणकातही डोकावतं. तिथे जुना आकडा कधीकधी तसाच राहिलेला असतो.

काही जण आकडा बदलण्याऐवजी मीटरकडे जाणारा सिग्नलच अडवणारं सर्किट बसवतात. टेस्ट ड्राइव्हच्या सुरुवातीला ट्रिप मीटर शून्य करा, दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि फोनच्या नकाशाशी ताडा. सर्किट चालू असेल तर फरक लगेच दिसतो.

मीटर कधीकधी खरोखरच बिघडून बदललेला असतो. तेव्हा सर्व्हिस सेंटरचं बिल आणि त्यावर जुना आकडा हवा. या सगळ्याचा आग्रह फक्त पैशांसाठी नाही. टायमिंग बेल्ट, गिअर ऑइल, कूलंट ही कामं किलोमीटरवर ठरतात. आकडा खोटा असेल तर ती चुकतात, आणि टायमिंग बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच निकामी होऊ शकतं.

मीटर मागे करून गाडी विकणं ही फसवणूक आहे. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू आहे. डीलरकडून घेतली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीही तक्रार करता येते, राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५. पण तक्रारीला कागद लागतो. म्हणून करारपत्रात विक्रीच्या दिवशीचे किलोमीटर लिहून घ्या, आणि पुढे ‘हा आकडा बदललेला नाही’ या वाक्यासह विक्रेत्याची सही घ्या. एवढं लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याला टोकन देऊ नका.