नव्या अंगणातली पहार

वास्तुशांत आटोपते, पाहुणे जातात आणि पुढच्याच रविवारी माणसं नर्सरी गाठतात. परतताना डिकीत दोन आंबे, एक चिकू, सोनचाफा, अनंत, कुंपणाला लावायची डझनभर रोपं आणि नर्सरीवाल्यानं गळ्यात मारलेला एखादा पाम असतो. संध्याकाळपर्यंत सगळं लावून होतं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटोही जातो. दिवाळीपर्यंत अनंत पिवळा पडतो, चिकू आहे तेवढाच राहतो, एक आंबा वाळतो. मग माळी बदलला जातो, नाहीतर 'आपल्या हाताला गुणच नाही' म्हणून विषय संपतो. हाताचा इथे काहीही दोष नसतो. घर राहण्याजोगं झालं म्हणून भोवतालची जमीन लावण्याजोगी होत नाही. बाग घरापेक्षा निदान एक वर्ष मागे असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला पावसाळा घराकडे आणि मातीकडे बघण्यात घालवावा.

पुणे, सातारा, नाशिककडच्या पठारावर नव्यानं बांधलेल्या बंगल्याच्या अंगणात दीड-दोन फूट खणून बघा. वर चार बोटं लालभडक माती लागते. ती ताबा देण्याआधी कंत्राटदारानं पसरलेली असते. तिच्याखाली राखाडी, पापुद्र्यांचा थर निघतो. माल कालवताना सांडलेलं सिमेंटचं पाणी जिरून तो घट्ट झालेला असतो. मग राडारोडा: विटांचे तुकडे, टाइलच्या कपच्या, बाइंडिंग वायरची वेटोळी, खिळे, सिमेंटच्या गोणीची चिंधी, रंगाऱ्यानं ब्रश धुतले त्या जागेचा निळसर डाग. त्याखाली मुरूम, आणि तिथे पहार टणकन वाजते.

मग जागेवरची मूळची माती गेली कुठे? पायासाठी खणताना सगळ्यात वरचा, जिवंत थर आधी निघतो. तो खालच्या मुरमात मिसळतो आणि जोत्याच्या भरावात तरी जातो, नाहीतर डंपरमधून बाहेर. ज्यांचं बांधकाम अजून सुरू व्हायचं आहे त्यांनी वरची फूटभर माती प्लॉटच्या कोपऱ्यात वेगळी रचून ठेवायला सांगावं. कंत्राटदार कुरकुर करतो, कारण ढीग वर्षभर जागा अडवतो. पण नंतर हजार चौरस फुटांवर फूटभर माती पसरायची तर दहा ब्रास विकत घ्यावी लागते. विकतच्या मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आणि गाजरगवताचं बी फुकट येतं. लव्हाळा एकदा आला की तो घरमालकासारखाच कायमचा राहायला येतो.

सिमेंटची गोष्ट जरा नीट समजून घेण्यासारखी आहे. सिमेंट भिजलं की त्यातून विरलेला चुना सुटतो आणि ओल्या काँक्रीटचा सामू बाराच्या वर जातो. पठारावरची माती आधीच थोडी अल्कधर्मी, त्यात ही भर. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंत, मोगरा आणि एक्झोरावर हे आधी दिसतं. लोक युरिया टाकतात आणि काही फरक पडत नाही, कारण कमतरता नत्राची नसतेच. नत्र कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात. लोह कमी पडलं तर शेंड्याची. पान कुठलं पिवळं आहे एवढं बघितलं तरी दुकानातली निम्मी खरेदी वाचते. चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून पानांवर फवारला की तात्पुरता उतारा पडतो. खरा उपाय म्हणजे राखाडी थर उचलून फेकणं आणि भरपूर कुजलेलं खत. खणून काढलेल्या पांढऱ्या कपचीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. काळ्या मातीत चुनखडीचे नैसर्गिक खडेही असेच फसफसतात, तेव्हा त्यावरून गवंड्याला बोल लावू नका. माल कालवायचं यंत्र कुठे उभं होतं, हे रखवालदाराला विचारा. त्या जागेवर झाड लावायचं नाही. तिथे बाक ठेवा, नाहीतर गाडी.

दुसरा रोग दबलेपणाचा. वर्षभर वाळूचे ट्रक जिथून आत आले त्या पट्ट्यात पाणी मुरत नाही. फूटभर खड्डा खणून तो पाण्यानं भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं, तर त्या ठिकाणी झाडासाठी खणलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. पावसाळ्यात मुळं त्यात बुडून कुजतात, आणि आपण म्हणतो, 'पाऊस मानवला नाही.'

पहिल्या पावसात बागेआधी घराकडे लक्ष द्यावं लागतं. वळवाच्या दोन सरींतच कळतं, की गच्चीचं पाणी कुठल्या पाइपातून जोरात येतं, कुठे थारोळं साठतं आणि फाटकापाशी उतार उलटा आहे का. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ६५ हजार लिटर पाणी होतं. ते कुठे जातं हे बघितल्याशिवाय वाफे आखण्यात अर्थ नाही. भिंतीवर पांढरा खार फुटला तर लगेच रंगारी बोलावू नये. नव्या प्लास्टरमधली ओल बाहेर पडताना क्षार सोबत आणते. ते कोरड्या ब्रशनं झाडावेत आणि भिंतीला वाळायला वेळ द्यावा. केसासारख्या भेगा प्लास्टर आकसल्यानं पडतात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहावी. ती खुणेपलीकडे गेली, किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत गेली, तर इंजिनिअरला दाखवावी. रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पात घर घेतलं असेल तर २०१६ च्या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची असते. मात्र आपण त्याच भिंतीला लागून वाफा करून रोज पाणी घालत असलो, तर ओल कशाची यावर वाद सुरू होतो आणि तो सहसा आपण जिंकत नाही.

भिंतीलगत वाफा न करण्याचं आणखी मोठं कारण वाळवी. बांधकाम चालू असताना जोत्याखाली आणि बाहेरच्या कडेनं मातीत वाळवीचं औषध मुरवतात. त्यासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे आणि औषध बरेचदा क्लोरपायरिफॉस असतं. भिंतीपासून निघणारा हा पट्टा अखंड राहिला तरच उपयोग. आपण तिथे खणलं की तो तुटतो. वर शेणखत आणि पालापाचोळा टाकला तर वाळवीला दाराच्या चौकटीपर्यंत पूलच बांधून दिला. शिवाय अशा मातीत कोथिंबीर-पालक लावून खाणं शहाणपणाचं नाही. घराभोवती दोन-तीन फुटांची, बाहेर उतार असलेली फरशी हवी, आणि बाग त्यापलीकडे. भिंतीलगत हिरवं हवंच असेल तर कुंड्या आहेत.

आता मातीकडे. मृगाच्या सरी आल्या की राडारोडा काढलेल्या, पहारीनं मोकळ्या केलेल्या जागेवर ताग फेका. गुंठ्याला किलोभर बी पुरे. ताग नाही मिळाला तर धैंचा. कृषी सेवा केंद्रात दोन्ही मिळतात आणि नर्सरीतल्या एका पामच्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. महिन्याभरात ताग कमरेएवढा होतो. एखादं झाड मुळासकट उपटा. मुळांवर मोहरीएवढ्या, काही मुगाएवढ्या गाठी दिसतील. नखानं एक फोडा. आत गुलाबी दिसलं तर तिथले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला पुरवत आहेत. आत हिरवट किंवा करडं असेल तर काम थंडावलं आहे. फुलं यायला लागली की, म्हणजे साधारण दीड महिन्यानं, सगळं कापून तिथेच मातीत गाडायचं. पिवळ्या फुलांनी भरलेलं अंगण कापायला जिवावर येतं. पण फुलोऱ्यानंतर खोड काष्ठासारखं होतं आणि कुजायला वेळ घेतं. शेजारी विचारतात, 'काय हो, शेती करताय का?' करू देत चेष्टा.

सप्टेंबरनंतर आच्छादन. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून आयुष्यभर हेच सांगितलं: पालापाचोळा कचरा नाही, ती उद्याची माती आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि रस्तोरस्ती पानांचे ढीग पेटवले जातात. त्या दिवसांत चार पोती मागून आणली तर कोणी नाही म्हणत नाही. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा मंच नको असलेली पानं आणि हवी असलेली माणसं यांची गाठ घालून देतो. मुरमावर वीतभर पानं आणि वर शेणकाल्याचा शिडकावा, एवढ्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे गांडूळं दिसायला लागतात.

ही वर्षभराची सवड आणखी एका गोष्टीसाठी हवी, ती म्हणजे ऊन. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. बावीस फूट उंचीच्या दुमजली घराची सावली तेव्हा उत्तरेला जवळजवळ वीस फूट पडते. मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो आणि दुपारी ती सावली पायाशीच गोळा होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे जानेवारीत थंडगार वाटलेल्या उत्तरेच्या पट्टीत हौसेनं लावलेली नेची मेमध्ये करपतात, आणि तिथेच ऑक्टोबरात लावलेल्या गुलाबाला थंडीभर ऊन मिळत नाही. हे कागदावर मांडता येतं, पण शेजारच्या इमारतीची आणि पाण्याच्या टाकीची सावली धरायची तर महिन्याला एकदा दुपारी बाहेर येऊन चुन्याची रेघ मारलेली बरी.

तोवर अंगण उजाड ठेवायचं का? अजिबात नाही. मोरीच्या पाण्यावर केळ आणि आळू ही आजीची पद्धत अजूनही बिनतोड आहे, फक्त फिनेल-ब्लीचचं पाणी त्यात सोडू नये. पपई वर्षाच्या आत फळाला येते. शेवगा पश्चिमेच्या उन्हाला आडोसा करतो. त्याचं लाकूड ठिसूळ असल्यानं तो गाडीवर किंवा तारांवर झुकू द्यायचा नाही आणि पावसाळ्यात खोडावर सुरवंटांचे थवे आले की ओरडायचं नाही. तुळस, गवती चहा, कढीपत्ता कुंडीत राहतील. लॉनच्या मात्र मी विरोधात आहे. राडारोड्यावर चार बोटं माती आणि वर गवताची गालिच्यासारखी चटई हा मुळात जमीन झाकण्याचा उद्योग आहे. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या वस्तीत तर तो शोभतही नाही.

कोकणात गणित वेगळं. जांभ्याची माती आम्लधर्मी, पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर. सांडलेल्या चुन्याचा तिथे फारसा त्रास होत नाही आणि अनंत खुशाल फुलतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीची अडचण उलट: ती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या एका बाजूला रोज पाणी आणि दुसरी बाजू कोरडी ठेवली तर पाया दोन्हीकडून सारखा ताण घेत नाही. तिथे पाणीपिऊ मोठी झाडं घरापासून जितकी लांब तितकी बरी.

मोठ्या झाडांचा निर्णय दुसऱ्या वर्षी घ्यावा आणि टेप घेऊन घ्यावा. वड, पिंपळ, उंबर यांना बंगल्याच्या प्लॉटमध्ये जागा नसते. उंबराची मुळं ड्रेनेजची वाट हुंगत जातात. गुलमोहराची मुळं उथळ, वळवाच्या वाऱ्यात तो आडवा होतो. आंबा घरापासून वीस फूट तरी लांब हवा, सेप्टिक टँक आणि विजेच्या तारा टाळून. नारळाची तंतुमुळं पाया फोडत नाहीत, पण नारळ कौल फोडतो. इथे चुकलं तर निस्तरणं सोपं नाही. १९७५ च्या राज्याच्या झाडं संरक्षण व जतन कायद्यानुसार शहरी हद्दीत स्वतःच्या अंगणातलं, स्वतः लावलेलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

खड्डे मेमध्येच खणून तापू द्यावेत, तीन फूट लांब, रुंद, खोल. पाणी मुरत नसेल तिथे तळाला एका बाजूनं चर काढावा, नाहीतर दीड फुटाचा उंचवटा करून त्यावर लावावं. आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येणाऱ्या बऱ्याच रोपांची मुळं चिकणमातीच्या गोळ्यात असतात. गोळा तसाच पुरला तर पाणी त्याच्या कडेनं निघून जातं आणि मधली मुळं कोरडी राहतात. तेव्हा तो आधी बादलीत भिजवून बाहेरून हलकेच मोकळा करावा. भर घातलेली माती दोन मोठ्या पावसांनंतर बसते. ती बसल्यावरच कलम लावावं, जोड मातीच्या वीतभर वर ठेवून. जोडाखालून फुटणारे कोंब दिसले की मोडत राहावं. तेवढ्यात कंटाळा केला तर पाच-सहा वर्षांनी हापूस म्हणून जपलेल्या झाडाला रायवळ लागतील.